शेतजमिनीवरील सौर विद्युत् व ऊर्जासाठा

शेतीखालील, पडीक अथवा माळरानाच्या जमिनीवर सौर पॅनेल उभारून वीज निर्माण करणे आणि ती विकून, तिच्यासाठी जमीन भाड्याने देऊन किंवा ती स्वतःच्या सिंचनासाठी वापरून उत्पन्न मिळविणे, या व्यवहारास सामान्यपणे सौर शेती असे म्हणतात. निर्माण झालेली वीज तत्काळ न वापरता संचायक विद्युत् घटमालेत (बॅटरीत) किंवा उंचावर चढविलेल्या पाण्याच्या रूपाने राखून ठेवणे म्हणजे ऊर्जासाठा होय. प्रस्तुत नोंदीत या व्यवहाराचे स्वरूप, त्याचे अर्थकारण व मर्यादा यांची माहिती कोल्हापूर जिल्ह्यातील जोतिबाच्या डोंगराचा परिसर मुख्यतः उदाहरणादाखल घेऊन दिली आहे.

इतिहास : प्रकाश पडला असता काही पदार्थांत विद्युत् दाब निर्माण होतो, हे फ्रेंच भौतिकीविज्ञ एदमाँ बेक्रेल यांनी १८३९ मध्ये दाखविले. व्यवहारोपयोगी सिलिकॉन घट मात्र १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्याची कार्यक्षमता सु. ६ टक्के होती. आज बाजारात मिळणाऱ्या पॅनेलांची ती २० टक्क्यांहून अधिक आहे. एकाच जमिनीवर पीक व वीज दोन्ही घेता येतील, ही कल्पना १९८० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत जर्मनीतील आडोल्फ गोट्सबेर्गर व आर्मिन त्सास्ट्रो यांनी मांडली. जपानमध्ये आकिरा नागाशिमा यांनी २००४ च्या सुमारास उंच खांबांवर विरळ पॅनेल बसवून खाली पिके घेण्याची पद्धत विकसित केली. पुढे २०१३ मध्ये तेथील कृषिखात्याने अशा शेतांतील पिकाचे उत्पादन परिसरातील सरासरीच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये, अशी अट घातली. जमिनीचा मूळ धर्म शेतीचाच राहावा, हे तत्त्व या अटीमागे आहे.

भारतात जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. पण त्याचा प्रारंभीचा भर मोठ्या प्रकल्पांवर होता. शेतकरी हा वीज विकणाराही होऊ शकतो, याचे पहिले ठळक उदाहरण गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावाने घालून दिले. तेथील सौर पंपधारक शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सहकारी संस्था स्थापन केली व सिंचन करून उरलेली वीज ते वितरण कंपनीस विकू लागले. केंद्र शासनाची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली. महाराष्ट्रात त्याआधीच, जून २०१७ मध्ये, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली होती व राळेगणसिद्धी (अहिल्यानगर जिल्हा, तत्कालीन अहमदनगर) आणि कोळंबी (यवतमाळ जिल्हा) येथे तिचे पथदर्शी प्रकल्प घेण्यात आले. मे २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. तिच्यातील पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील एकूण १९ मेगॉवॉट (मेवॉ.) क्षमतेच्या ज्या पाच सौर प्रकल्पांचे लोकार्पण झाले, त्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील कोंडिग्रे (ता. शिरोळ) येथील प्रकल्पाचाही समावेश होता.

योजनेमागील कारण : महाराष्ट्रात कृषिपंपांना तीन फेजचा पुरवठा बराच काळ दिवसा आठ किंवा रात्री दहा तास असा आलटून पालटून होत आला. रात्रीच्या पाळीत पिकास पाणी पाजण्यासाठी शेतकऱ्यास अंधारात, चिखलात व सापाविंचवांच्या धास्तीत शिवारात जावे लागते. पन्हाळा-राधानगरी पट्ट्यात गव्यांच्या वावराचीही त्यात भर पडते. दिवसा दहा तास वीज मिळावी, या मागणीसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात शेतकऱ्यांचे दीर्घ धरणे आंदोलन झाले होते. उपकेंद्राजवळच सौर वीज निर्माण करून ती शेतीच्या वाहिनीस (फीडरला) दिल्यास दिवसाचा पुरवठा शक्य होतो, वहनातील गळती घटते आणि सवलतीच्या कृषिदरामुळे पडणारा अनुदानाचा भारही कमी होतो. यामुळे या योजनेत जमीनधारकाच्या भाड्याइतकेच महत्त्व दिवसाच्या पाण्याला आहे.

निर्मितीची पद्धत : सौर पॅनेलांत एकदिश प्रवाह निर्माण होतो. इन्व्हर्टर त्याचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो व रोहित्राच्या साहाय्याने दाब वाढवून ती वीज ११ किंवा ३३ हजार व्होल्टच्या वाहिनीस जोडली जाते. १ मेवॉ. क्षमतेस सु. ४ ते ५ एकर जमीन लागते व महाराष्ट्रात तिच्यापासून वर्षास सु. १५ ते १६ लाख युनिट (किलोवॉट-तास) वीज मिळते. पॅनेलांची क्षमता दरवर्षी सु. अर्धा टक्का घटते. त्यांचे आयुष्य २५ वर्षे धरतात. इन्व्हर्टर मात्र १० ते १५ वर्षांनी बदलावे लागतात.

जोतिबा परिसराची स्थिती : जोतिबाचा डोंगर (वाडी रत्नागिरी) पन्हाळा तालुक्यात, कोल्हापूरच्या वायव्येस सु. १७ किमी. अंतरावर असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सु. ९५० मी. आहे. भोवतालच्या सपाटीपासून तो सु. ३०० मी. उठावलेला आहे. स्थान सु. १६° ४८' उत्तर अक्षांशावर असल्याने मे व ऑगस्ट या महिन्यांच्या पहिल्या आठवड्यांत मध्यान्हीचा सूर्य येथे माथ्यावर येतो. स्थिर पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून अक्षांशाइतक्या, म्हणजे १५° ते २०° कलाने बसविल्यास वर्षभरात सर्वाधिक वीज मिळते. डोंगराळ भागात याचा अर्थ असा, की दक्षिणउताराची जमीन अनुकूल व उत्तरउताराची प्रतिकूल ठरते. उत्तरेकडील उतारावर एका रांगेची सावली मागील रांगेवर पडू नये म्हणून रांगांतील अंतर वाढवावे लागते व तेवढ्याच विजेसाठी अधिक जमीन लागते.

फेब्रुवारी ते मे हा येथील निर्मितीचा मुख्य हंगाम होय. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीलगतच्या या पट्ट्यावर ढग दाटलेले असतात व निर्मिती बरीच घटते. तथापि याच काळात सिंचनाचे पंपही बहुधा बंद असतात. उन्हाळ्यात ऊस व भाजीपाल्यास पाण्याची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच वीजही भरपूर मिळते. घरगुती वापरापेक्षा पाणीउपशाशी सौर विजेचा मेळ अधिक चांगला बसतो, तो यामुळेच.

या परिसरात जमिनीचे दोन ढोबळ प्रकार पडतात. पंचगंगा व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या व सहकारी उपसा सिंचन संस्थांच्या पाण्याखालील जमिनी उसाच्या आहेत. डोंगरउताराच्या व सड्यांच्या मुरमाड, उथळ जमिनींत पावसाच्या आधाराने भात, नाचणी, भुईमूग अशी पिके किंवा नुसते गवत येते. पहिल्या प्रकारची जमीन सौर पॅनेलांखाली घालणे आर्थिक दृष्ट्या क्वचितच शहाणपणाचे ठरते. दुसरीच्या बाबतीत मात्र स्थिर भाडे कोरडवाहू उत्पन्नापेक्षा अधिक भरू शकते. तीव्र उतारावर खांब रोवताना गवताचे आच्छादन निघाले, तर माती वाहून जाते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत शेजारच्या पन्हाळगडाचा रस्ता खचला होता, ही घटना या भूभागाच्या नाजुकपणाची साक्ष देते. म्हणून उतारावर समतल चर, पाणी निघून जाण्याच्या वाटा व पॅनेलांखाली राखलेले गवत ही बांधकामाचीच अंगे मानली पाहिजेत.

उत्पन्नाचे मार्ग : शेतकऱ्यास उत्पन्न मिळण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. त्यांतील फरक विजेचा नसून जोखमीचा आहे : जो जोखीम घेतो, त्याच्याकडे नफ्याचा मोठा वाटा जातो.

(१) जमीन भाड्याने देणे : मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमीनधारकास हेक्टरी वार्षिक १,२५,००० रु. किंवा शासकीय मूल्यांकनाच्या ६ टक्के, यांपैकी अधिक असेल ती रक्कम भाडे म्हणून ठरविली आहे व तीत दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. या हिशेबाने पंचविसाव्या वर्षी हेक्टरी भाडे सु. २,५४,००० रु. होते. आकडा दुप्पट झालेला दिसला, तरी महागाईची सरासरी वाढ ३ टक्क्यांहून अधिक राहिल्यास त्या रकमेची क्रयशक्ती आरंभीच्या भाड्यापेक्षा कमी भरेल. प्रकल्प उभारणे, कर्ज, विमा व देखभाल यांचा भार निविदेने निवडलेल्या कंपनीवर असतो. जमीन उपकेंद्राच्या जवळ असावी लागते; लहान प्रकल्पांसाठी ही मर्यादा ५ किमी. आहे.

(२) स्वतः वीज निर्माण करून विकणे : पीएम-कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकानुसार शेतकरी, त्यांचे गट, सहकारी संस्था, पाणीवापर संस्था व ग्रामपंचायती यांना ५०० किलोवॉट ते २ मेवॉ. क्षमतेचा प्रकल्प उभारता येतो व वितरण कंपनी ती वीज निश्चित दराने २५ वर्षे विकत घेते. याचे अर्थकारण एका ढोबळ उदाहरणाने स्पष्ट होईल. १ मेवॉ. प्रकल्पाचा खर्च ४ कोटी रु. व त्यापैकी स्वतःचे भांडवल १ कोटी २० लाख रु. धरू. उरलेल्या २ कोटी ८० लाखांच्या कर्जाचा हप्ता १० टक्के व्याजाने व १५ वर्षांच्या मुदतीने वर्षास सु. ३७ लाख रु. पडतो. १६ लाख युनिटांचे, युनिटला ३ रु. दराने, ४८ लाख रु. येतात. देखभाल, विमा व सफाई यांसाठी ५ लाख रु. वजा केल्यास हाती सु. ६ लाख रु. उरतात, म्हणजे गुंतविलेल्या भांडवलावर वर्षास ५ टक्के. कर्ज फिटल्यानंतरच्या १० वर्षांत मात्र हे उत्पन्न अनेक पटींनी वाढते. याच जमिनीचे वरील दराने भाडे वर्षास सु. सव्वादोन लाख रु. होते, म्हणजे विजेच्या विक्रीच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. पण त्यात शेतकऱ्याचा एकही रुपया अडकत नाही. दर निश्चित व कमी असेल, बँकेचे कर्ज महाग असेल किंवा वीजवाहिनी वारंवार बंद पडून निर्मिती वाया जात असेल, तर हे गणित तोट्यात जाते. ‘अ’ घटकाची प्रगती देशभर अपेक्षेपेक्षा पुष्कळच मंद राहिली, तिच्या मुळाशी भांडवलाची ही अडचण आहे.

(३) स्वतःच्या पंपासाठी वापर : स्वतंत्र सौर पंपास पीएम-कुसुमच्या ‘ब’ घटकाखाली अनुदान मिळते. महाराष्ट्रात शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी ५ टक्के ठेवलेला आहे. यात प्रत्यक्ष विक्री नसते. बचत हेच उत्पन्न. पिकास पाणी नको असते त्या दिवसांची वीज मात्र वाया जाते. धुंडीच्या सहकारी संस्थेने नेमका हाच दोष दूर केला. उरलेली वीज विकता येत असल्याने पाणी जपून वापरण्यातही शेतकऱ्याचा फायदा असतो, कारण न उपसलेल्या पाण्याचे पैसे होतात. भूजलावर ताण असलेल्या प्रदेशांत या गोष्टीस विशेष महत्त्व आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील बहुसंख्य खातेदार अल्पभूधारक असल्याने एका खातेदाराकडे सलग तीनचार एकर माळ असणे दुर्मिळ. अशा ठिकाणी व्यवहार एकट्याने करण्याऐवजी सामुदायिक करणे सोयीचे. उपसा सिंचन संस्था, दूधसंस्था व साखर कारखाने चालविण्याचा या जिल्ह्याचा अनुभव जुना आहे. उसाच्या चिपाडापासून वीज निर्माण करून विकण्याचे काम कारखाने करीत आले आहेत. उपसा सिंचन संस्थेचे वीजबिल हा तिच्या खर्चातील मोठा भाग असतो. त्यामुळे सभासदांच्या माळावरील सौर वीज अशा संस्थेने वापरणे ही या परिसरास मानवणारी दिशा होय.

ऊर्जासाठा : सौर वीज दुपारी भरपूर असते व मागणीचा कळस सायंकाळी असतो. त्यामुळे दुपारची वीज स्वस्त व सायंकाळची महाग होत जाते. साठ्याला जी किंमत येते ती या फरकातून. ग्राहक हक्क नियमांत जून २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सौर तासांतील दर किमान २० टक्के कमी व मागणीच्या तासांतील दर अधिक ठेवण्याची तरतूद केली. पण कृषिग्राहक तिच्यातून वगळलेले आहेत. म्हणून निश्चित दराने वीज विकणाऱ्या किंवा सवलतीच्या कृषिदराने ती घेणाऱ्या शेतकऱ्यास बॅटरी बसवून काही जादा मिळत नाही. उलट साठविण्याच्या व परत घेण्याच्या क्रियेत १० ते १५ टक्के वीज खर्ची पडते. सायंकाळच्या विजेसाठी करारात वेगळा, चढा दर लिहिलेला असेल तरच शेतातील बॅटरी उत्पन्नाचे साधन होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने नव्या सौर निविदांत क्षमतेच्या १० टक्के व किमान दोन तासांचा साठा ठेवण्याची सूचना केली. १ मेवॉ. प्रकल्पाच्या बाबतीत हा साठा २०० युनिटांचा होतो. लिथियम घटमालांची जागतिक सरासरी किंमत २०१० पासून झपाट्याने उतरून २०२४ मध्ये दर युनिट क्षमतेस सु. ११५ डॉलरवर आली.

शेतीच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त साठा पाण्याचा होय. १ घ. मी. (१,००० लिटर) पाणी १०० मी. उंच चढविण्यास, पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास, सु. ०.४५ युनिट वीज लागते. ३० मी. × ३० मी. × ३ मी. मापाच्या शेततळ्यात सु. २,००० घ. मी. पाणी मावते; म्हणजे १०० मी. उंचीवरील असे एक तळे भरल्यास सु. ९०० युनिट विजेचे काम साठून राहते. तेवढ्या क्षमतेच्या नुसत्या घटमालांची किंमत वरील दराने एक लाख डॉलरपेक्षा अधिक होईल. प्लास्टिक अस्तराचे तळे काही लाख रुपयांत होते. दिवसा भरलेल्या तळ्यातील पाणी हव्या त्या वेळी उताराने, विजेविना, शेतास देता येते. अर्थात हे पाणी पुन्हा वीज देत नाही. त्यासाठी जलविद्युत् जनित्र व खाली-वर असे दोन मोठे जलाशय लागतात. अहिल्यानगर व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघर येथील २५० मेवॉ. उदंचन प्रकल्प या प्रकारचा आहे. जोतिबाच्या माथ्यावर गावास व यात्रेकरूंस लागणारे पाणी खालून चढवावे लागते. ३०० मी. उंचीसाठी दर घ. मी. ला सु. १.३५ युनिट वीज खर्च होते. हा उपसा सौर तासांत करून माथ्यावरील टाक्या भरून ठेवणे, हा अशा स्थळी ऊर्जासाठ्याचा सरळ मार्ग ठरतो. रात्रीचे दिवे व चैत्र यात्रेतील सायंकाळचा वापर यांसाठी मात्र बॅटरी किंवा वीजजाळ्याचा आधार लागतोच.

पीक व वीज एकत्र : पॅनेले दोन-तीन मीटर किंवा अधिक उंचीवर व विरळ बसविल्यास खाली शेती करता येते. हळद, आले, पालेभाज्या व चाऱ्याची गवते काही प्रमाणात सावली सोसतात. ऊस, बाजरी यांसारखी प्रखर उन्हाची पिके सोसत नाहीत आणि उसाची उंचीही अडचणीची ठरते. उंच सांगाड्यास पोलाद अधिक लागत असल्याने खर्च वाढतो. भारतात जोधपूर येथील केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेने १०५ किलोवॉटचा असा प्रकल्प उभारून पॅनेलांवरून ओघळणारे पावसाचे पाणीही साठविले. महाराष्ट्रात परभणी येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या जमिनीवर जर्मनीच्या सहकार्याने याविषयी प्रयोग हाती घेण्यात आले आहेत.

कायदेशीर व सामाजिक बाजू : भाडेकरार दीर्घ मुदतीचा असल्याने तो एका पिढीपुरता राहत नाही. सातबारा उताऱ्यावरील सर्व सहहिस्सेदारांची संमती, कर्जाचा बोजा, वाटणी व वारसनोंद, विहिरीकडे व शेजारच्या शेताकडे जाणारी वाट, भाडे थकल्यास करावयाची कारवाई आणि मुदतीअखेर खांब व पाये काढून जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी या बाबी लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असते. पॅनेलांसाठी दिलेल्या जमिनीचे भाडे हे प्राप्तिकराच्या दृष्टीने शेती उत्पन्न गणले जात नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. निकामी पॅनेलांची विल्हेवाट २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली येते.

महाराष्ट्रातील प्रकल्पांसाठी शासकीय जमिनीही मोठ्या प्रमाणावर घेतल्या जातात व त्यांत गायरानांचा समावेश असतो. ग्रामपंचायतीस तीन वर्षे प्रतिवर्षी ५ लाख रु. देण्याची तरतूद योजनेत आहे. परंतु गायरानावर ज्यांची जनावरे चरतात ते मेंढपाळ व भूमिहीन पशुपालक भाड्याचे धनी नसतात. जमीनधारकास भाडे मिळते, वाहिनीवरील शेतकऱ्यास दिवसाची वीज मिळते. चराईचा हक्क गमावणाऱ्यास मात्र यांतील काहीच मिळत नाही. त्यामुळे काही गावांतून अशा प्रकल्पांना विरोध झाला आहे. पॅनेलांखाली शेळ्यामेंढ्यांना चरू देणे किंवा गवत कापून नेऊ देणे, हे यावरचे साधे उपाय परदेशांत रूढ आहेत व ते करारात घालता येण्यासारखे आहेत.

एकंदरीत सौर वीज ही शेतीची जागा घेणारी नव्हे, तर हलक्या जमिनीस व अनिश्चित पावसास जोड देणारी उपजीविका आहे. भाड्याचा मार्ग सुरक्षित पण अल्प प्राप्तीचा, मालकीचा मार्ग अधिक प्राप्तीचा पण भांडवल व धीर मागणारा आहे. आणि ऊर्जासाठ्याचा पहिला लाभ शेतकऱ्यास बॅटरीपेक्षा दिवसा भरलेल्या तळ्यातून मिळतो. जोतिबाच्या परिसरासारख्या ठिकाणी माळ पॅनेलांखाली व मळा पिकाखाली ठेवणे आणि मालकी शक्य तेथे सहकारी पद्धतीने गावाकडे राखणे, यांवरच या व्यवहाराचे दीर्घकालीन यश अवलंबून राहील.